हुंड्याच्या छळाची फिर्याद रद्द कशी होते?

घरातले भांडण घरातच मिटावे, अशी आपल्याकडची जुनी शिकवण आहे. आणि पुष्कळ वेळा ती शहाणपणाचीही ठरते. परंतु घरात मिटू न शकणारी भांडणे असतात, आणि घरातच दडपली तर एखाद्या स्त्रीचा जीव घेऊन जाणारी भांडणेही असतात. हुंड्याचे भांडण हे या दुसऱ्या जातीचे. हुंडा प्रतिबंधक विधेयकावर लोकसभा आणि राज्यसभा यांचे एकमत होईना, म्हणून १९६१ च्या मे महिन्यात दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलवावी लागली. आपल्या संसदेच्या इतिहासातली ती पहिली संयुक्त बैठक. १ जुलै १९६१ रोजी तो कायदा अमलात आला. पण हुंडा घेणे गुन्हा ठरले म्हणून हुंड्यापायी होणारा छळ थांबला नाही. अखेर १९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम घालण्यात आले आणि पतीने अथवा त्याच्या नातेवाइकांनी विवाहितेला दिलेली क्रूर वागणूक हा स्वतंत्र गुन्हा झाला.

हे कलम कोणासाठी आले याचा विसर पडता कामा नये. २०२२ सालच्या राष्ट्रीय गुन्हे नोंदींत या कलमाखाली सुमारे १ लाख ४० हजार गुन्हे आढळतात. आणि त्याच एका वर्षात हुंडाबळींची संख्या सहा हजारांवर आहे. या आकड्यांच्या पाठीमागे सहा हजार घरे आहेत.

तथापि या चित्राला दुसरी बाजूही आहे. पुष्कळ फिर्यादींमध्ये पती आणि सासू यांच्या जोडीला परगावी नांदणारी नणंद, नोकरीनिमित्त दूर असलेला दीर, जाऊ, चुलत सासरे अशी सारी नामावळी येते. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. अशा वेळी घरात जो शब्द ऐकू येऊ लागतो, तो म्हणजे ‘गुन्हा रद्द करून घेऊ’. हे रद्द करणे म्हणजे नेमके काय, ते कोण करू शकतो आणि कोणत्या कसोटीवर करतो, याविषयी समाजात पुष्कळ गैरसमज आहेत. त्यांचा थोडा उलगडा आज करावयाचा आहे.

प्रथम कायद्याची आजची स्थिती पाहू. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. पूर्वीचे ४९८-अ आता या नव्या संहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांत आले आहे. मजकूर जवळजवळ तोच, आणि शिक्षाही तीच, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र जुनेच कलम लागू राहते. हा गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे, आणि आंध्र प्रदेशासारखा अपवाद सोडला तर आपसात मिटवता येण्याजोगा नाही. या शेवटच्या विशेषणाकडे आपल्याला पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

‘क्रूर वागणूक’ या शब्दाची व्याख्या कायद्याने दोन भागांत केली आहे. ज्या हेतुपुरस्सर वर्तनामुळे स्त्री आत्महत्येस प्रवृत्त होण्याचा, किंवा तिच्या जिवाला, शरीराला अथवा मानसिक आरोग्याला गंभीर अपाय होण्याचा संभव असतो, ते वर्तन पहिल्या भागात येते. पैसा, दागिने, जमीनजुमला यांची बेकायदा मागणी तिच्याकडून किंवा तिच्या माहेरच्यांकडून पुरी करून घेण्यासाठी तिचा केलेला छळ हा दुसरा भाग. ‘आम्ही हुंडा मागितलाच नाही, मग हे कलम लागेल कसे?’ असे पुष्कळ जण विचारतात. त्याचे उत्तर पहिल्या भागात आहे. हुंड्याची मागणी नसतानाही क्रौर्य हे क्रौर्यच राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. उलटपक्षी, संसारातली प्रत्येक कुरबूर, प्रत्येक टोमणा, स्वयंपाकघरातला प्रत्येक वाद म्हणजे या कलमातले क्रौर्य नव्हे. या दोन टोकांच्या मध्ये जी भूमी आहे, तिच्यावरच हे सारे खटले उभे राहतात.

आता रद्द करण्याच्या अधिकाराकडे वळू. हा अधिकार पोलिसांना नाही, दंडाधिकाऱ्यांना नाही. तो उच्च न्यायालयाचा आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४८२ व्या कलमात, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५२८ व्या कलमात, तो मान्य केलेला आहे. न्यायालयाच्या प्रक्रियेचा दुरुपयोग टाळण्यासाठी किंवा न्यायाची उद्दिष्टे साध्य व्हावीत म्हणून आवश्यक ते आदेश देण्याचा हा उच्च न्यायालयाचा अंगभूत अधिकार. अंगभूत म्हणजे कायद्याने नव्याने दिलेला नव्हे, तर न्यायालय या संस्थेच्या ठायी मुळातच असलेला. अधिकार जितका मोठा, तितका तो जपून वापरावयाचा, ही त्याची पहिली अट होय.

तो केव्हा वापरावा याची मांडणी सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली आर. पी. कपूर यांच्या खटल्यात केली. खटला चालविण्यास कायद्याचीच आडकाठी असेल. किंवा फिर्यादीतले आरोप जसेच्या तसे खरे मानूनही गुन्हा घडल्याचे दिसत नसेल. किंवा आरोप आहेत पण त्यांना आधार देणारा कायदेशीर पुरावाच नसेल, तर कारवाई रद्द करता येते. पुढे १९९० च्या भजनलाल खटल्यातील निकालात हीच तत्त्वे सात प्रकारांत विस्ताराने सांगण्यात आली. आरोप इतके असंभाव्य की कोणताही विचारी मनुष्य त्यांवर विश्वास ठेवणार नाही, किंवा कारवाई उघडउघड सूडबुद्धीने केलेली आहे, हेही प्रकार त्यांत आले. आजही उच्च न्यायालयात असा अर्ज आला की त्याला हाच गज लावला जातो.

यातला गाभ्याचा मुद्दा हा की, उच्च न्यायालय अशा वेळी खरे कोण आणि खोटे कोण हा निवाडा करीत नाही. ते काम खटल्याचे. तिथे साक्षी होतील, उलटतपासणी होईल. उच्च न्यायालय निराळाच प्रश्न विचारते: या बाईने जे जे सांगितले आहे ते क्षणभर सर्व खरे धरले, तर या विशिष्ट माणसाने, या विशिष्ट तारखेच्या सुमारास, कायद्याने गुन्हा मानलेले असे नेमके काय केले? याचे उत्तर फिर्यादीत सापडत असेल, तर अर्ज फेटाळला जातो. मग आरोपी कितीही सज्जन म्हणून नावाजलेला असो. उत्तर सापडत नसेल, तर कारवाई रद्द होण्यासारखी असते. मग दोन घरांतले वैर कितीही खरे असो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. लातूरची मुलगी, पुण्यात दिलेली. सासरी पती, सासू. एक नणंद इंदूरला नांदते. एक चुलत सासरे कोल्हापूरला असतात. तीन वर्षांनी मुलगी माहेरी परतते आणि लातूरच्या पोलीस ठाण्यात फिर्याद देते. पतीने मोटारीसाठी माहेरून पाच लाख रुपये आणण्याचा लकडा लावला. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मारहाण केली. सरकारी दवाखान्यात टाके घालावे लागले. सासूने अंगावरचे दागिने काढून घेऊन कुलपात ठेवले. आणि शेवटचे वाक्य असे की, ‘नणंद व चुलत सासरे हेही वरील सर्वांना चिथावणी देत असत.’

आता ही चारही माणसे उच्च न्यायालयात गेली, तर काय होईल? पतीविरुद्ध दिवस आहे, रक्कम आहे, जखमेचा कागद आहे. तो म्हणेल, मी मारले नाही, ती जिन्यावरून पडली. ते खरेही असेल. पण ते पाहण्याची जागा उच्च न्यायालय नव्हे. त्याचा अर्ज टिकणे कठीण. सासूविरुद्धही निश्चित कृत्याचा आरोप आहे. परंतु नणंद आणि चुलत सासरे यांच्या बाबतीत ते वाक्य सर्वस्वी खरे मानले, तरी कोणी, केव्हा, कोठे, काय म्हटले हे कळत नाही. २०१० चा प्रीती गुप्ता, २०१२ चा गीता मेहरोत्रा, २०२२ चा कहकशाँ कौसर आणि २०२४ चा दारा लक्ष्मी नारायण, या निकालांमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच वारंवार सांगितले आहे: मोघम आणि सरसकट आरोपांवर नातेवाइकांना खटल्याच्या चरकात घालू नये. तेव्हा या दोघांपुरती कारवाई रद्द होऊन पती व सासू यांच्याविरुद्ध ती चालू राहणे, हे अशा प्रकरणात घडण्यासारखे आहे. अर्ज अंशतः मंजूर होतो याचा अर्थ हाच.

मात्र याचा उलटा अर्थ काढू नये. नणंद लांब राहते, एवढ्यानेच ती सुटत नाही. तिने भाऊबीजेला येऊन अमुक रक्कम मागितली, दूरध्वनीवरून अमुक धमकी दिली, असा निश्चित आरोप असेल तर अंतर तिच्या मदतीला येत नाही. तसेच ‘त्या दिवशी मी गावातच नव्हतो’ हा बचाव साधारणपणे खटल्याच्या वेळचा. आरोपीने जोडलेले कागद उच्च न्यायालय विचारात घेते, पण ते ज्यांविषयी वादच होऊ शकत नाही अशा दर्जाचे असावे लागतात. पारपत्रावरचे शिक्के तसे ठरू शकतील. शेजाऱ्यापाजाऱ्यांची शपथपत्रे ठरणार नाहीत.

आणखी एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. ‘आम्ही घटस्फोटाची नोटीस पाठविली आणि आठ दिवसांत तिची फिर्याद आली; म्हणजे सूड उघड आहे.’ काही निकालांत न्यायालयांनी अशा घटनाक्रमाची दखल घेतली आहे. २०२४ च्या अचिन गुप्ता खटल्यात तर फिर्यादीच्या ओळींमागची परिस्थितीही न्यायालयाने पाहावी असे म्हटले गेले आणि पतीविरुद्धची कारवाईही रद्द झाली. पण केवळ तारखांची बेरीज पुरेशी नसते. आपल्या समाजात किती स्त्रिया संसार टिकावा म्हणून वर्षानुवर्षे गप्प बसतात आणि सारे संपल्यावरच बोलतात, हे न्यायाधीशही जाणतात. उशीर हा खोटेपणाचा पुरावा नव्हे. निश्चितपणाचा अभाव हे मात्र फिर्यादीचे वैगुण्य आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना स्थळाचा प्रश्न फार जाचतो. लग्नाचे धागे लातूरपासून इंदूरपर्यंत, बेळगावपासून बडोद्यापर्यंत पसरलेले असतात. २०१९ साली रूपाली देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, छळामुळे सासर सोडून स्त्री जिथे आश्रयाला आली, तिथेही तिला फिर्याद देता येते; कारण मनावरचा आघात तिच्याबरोबर तिथवर येतो. आपल्या उदाहरणात गुन्हा लातूरला नोंदला गेला. म्हणून इंदूरच्या नणंदेला तो रद्द करण्यासाठी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाकडे नव्हे, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाकडे यावे लागेल. मधल्या काळात अटकेची भीती असेल, तर आपल्या राहत्या गावच्या न्यायालयाकडून संबंधित न्यायालय गाठेपर्यंत मर्यादित मुदतीचा अटकपूर्व जामीन मागता येतो. प्रिया इंदोरिया खटल्यात २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही वाट मोकळी केली.

अटकेविषयीही धीर देणारी गोष्ट सांगितली पाहिजे. २०१४ च्या अर्नेशकुमार निकालाने पोलिसांना बजावले आहे की, सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत गुन्हा नोंदला की अटक, असे यंत्रवत वागता येणार नाही. अटक का आवश्यक आहे याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. अन्यथा हजर राहण्याची नोटीस द्यावयाची असते. नोटीस आली की मात्र हजर राहिले पाहिजे. फरारी होणारा माणूस आपल्या हाताने आपली बाजू दुबळी करतो.

अर्ज केव्हा करावा? गुन्हा नोंदल्यावर लगेच करता येतो आणि दोषारोपपत्र दाखल झाल्यानंतरही करता येतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. तपास नुकता सुरू झालेला असताना उच्च न्यायालय सहसा हात आखडता घेते. तपास थांबविणारे किंवा ‘कोणतीही कठोर कारवाई करू नये’ असे सरसकट आदेश देऊ नयेत, असा इशारा २०२१ च्या निहारिका निकालात खुद्द मुंबईच्या एका प्रकरणावरून मिळालेला आहे. अर्जासोबत प्रथम खबर अहवालाची आणि दोषारोपपत्राची प्रत लागते. प्रतिवादी म्हणून राज्य शासन असते आणि फिर्यादी स्त्रीही असते, म्हणजे तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. पूर्वीचे अर्ज, चालू असलेले पोटगीचे दावे, झालेल्या तडजोडी यांतले काही लपवू नये. ज्याने न्यायाची याचना करावयाची, त्याचे हात स्वच्छ असले पाहिजेत.

आता आपसातल्या समेटाकडे येऊ. पती-पत्नींचे पटले, त्यांनी पुन्हा संसार मांडला किंवा परस्परसंमतीने घटस्फोट घेतला, तरी दंडाधिकारी हा खटला बंद करू शकत नाहीत. कारण गुन्हा आपसात मिटवण्याजोगा नाही. ही अडचण २००३ साली बी. एस. जोशी खटल्यात सुटली. कायद्याच्या तांत्रिक अडसराने समेट मोडू नये, उच्च न्यायालयाने आपला अंगभूत अधिकार वापरून अशी कारवाई रद्द करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. २०१२ च्या ग्यान सिंग निकालाने या तत्त्वाला पक्का पाया दिला आणि मर्यादाही घातली: खून, बलात्कार यांसारखे समाजाविरुद्धचे घोर गुन्हे पैशाच्या तडजोडीने पुसले जात नाहीत.

समेटाच्या अर्जात दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या अटी लेखी असतात. स्त्रीधन परत मिळाले का, पोटगीची रक्कम किती व केव्हा, मुलांचा ताबा कोणाकडे, परस्परांचे इतर दावे मागे घेतले जाणार का, हे सारे त्यात यावे लागते. मग स्त्रीने शपथपत्र द्यावयाचे आणि ही संमती स्वखुशीची आहे याची न्यायालयाने खात्री करून घ्यावयाची. ही खात्री केवळ उपचार नव्हे. माहेरी पाठबळ नसलेल्या मुलीला ‘सही कर, म्हणजे सुटशील’ असे सांगणारे लोक दोन्ही घरांत असतात. म्हणून माझे सांगणे असे की, रक्कम पदरात पडल्याखेरीज आणि अटी स्वतः वाचून समजून घेतल्याखेरीज कोणत्याही भगिनीने संमतीच्या कागदावर सही करू नये.

उच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला म्हणजे दोष सिद्ध झाला, असे मुळीच नाही. दारे आणखी आहेत. तपासात काही निष्पन्न झाले नाही तर महाराष्ट्रात पोलीस ‘समरी’चा अहवाल पाठवितात: फिर्याद हेतुपुरस्सर खोटी आढळल्यास ‘बी’, आणि ती खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातून झालेली आहे असे दिसल्यास ‘सी’. तो स्वीकारावयाचा की नाही हे दंडाधिकारी ठरवितात, आणि फिर्यादीला त्याला हरकत घेता येते. दोषारोपपत्र आल्यानंतर, आरोप निश्चित होण्यापूर्वी, त्याच न्यायालयात दोषमुक्तीचा अर्ज करता येतो. आणि शेवटी खटला आहेच. तिथे गुन्हा निःसंशय सिद्ध करण्याचे ओझे सरकार पक्षावर असते. हा रस्ता लांबचा आहे, खर्चाचा आहे, यात शंका नाही. पण तो सरळ रस्ता आहे.

या कलमाचा दुरुपयोग होतो, म्हणून ते काढूनच टाकावे, असे म्हणणारेही आहेत. २००५ साली सुशीलकुमार शर्मा खटल्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. दुरुपयोग कठोरपणे रोखला पाहिजे हे न्यायालयाने मान्य केले; पण दुरुपयोग होऊ शकतो एवढ्यावरून कायदा घटनाबाह्य ठरत नाही, असा निर्णय दिला. कुलूप कधी चुकीच्या दाराला लागते, म्हणून गावातली सारी कुलुपे काढून टाकीत नाहीत.

थोडक्यात, रद्द करण्याची कसोटी ही पतीच्या बाजूची नाही आणि पत्नीच्याही बाजूची नाही. ती नेमकेपणाच्या बाजूची आहे. पोलीस ठाण्यात रागाच्या भरात, किंवा कोणाच्या सल्ल्याने, सासरच्या सगळ्यांची नावे घालणारी मुलगी आपलीच फिर्याद दुबळी करते. बारा आरोपींपैकी नऊ जणांची नावे उच्च न्यायालयात गळाली की उरलेल्या तिघांचा वकील तेच बोट धरून न्यायालयात उभा राहतो. ज्याने हात उगारला त्याचेच नाव, ज्या दिवशी उगारला त्या दिवसाची आठवण, आणि दवाखान्याचा कागद, एवढे असलेली दोन पानांची फिर्याद कोणत्याही उच्च न्यायालयात सहजासहजी रद्द होत नाही. आणि ज्या नणंदेने काही केलेले नाही, तिला रात्रीची झोप परत मिळण्याची वाटही त्याच दोन पानांतून जाते.